नावेतून उतरलेला पाळक

१.
जॉन वेअर फूट. जन्म ५ मे १९०४, मडॉक, ऑन्टारियो. पोर्ट होप गावच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक. डिसेंबर १९३९मध्ये लष्करी पाद्री म्हणून सैन्यात.

२.
प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप नसतो. निवडलेले वडीलधारे आणि पाळक मिळून कारभार पाहतात. १९२५ साली कॅनडातले बहुतेक प्रेस्बिटेरियन नव्या युनायटेड चर्चमध्ये गेले. फूट यांची दीक्षा मागे उरलेल्यांच्या चर्चमधली.

३.
लष्करी पाद्र्याला हुद्दा मिळतो, गणवेश मिळतो. बंदूक मिळत नाही.

४.
१९ ऑगस्ट १९४२, फ्रान्समधलं दिएप. किनाऱ्यावर गोटेच गोटे. रणगाडे त्यांत रुतले. समोरून जर्मन तोफा आणि मशीनगन. दोस्त राष्ट्रांच्या या हल्ल्यात जवळपास पाच हजार कॅनेडियन होते. ९०७ मेले, १,९४६ पकडले गेले. पुढे उत्तर-पश्चिम युरोपातली अकरा महिन्यांची मोहीम झाली, तीतही कॅनडाच्या सैन्याचे इतके लोक कैद झाले नाहीत.

५.
फूट रॉयल हॅमिल्टन लाइट इन्फन्ट्री या पलटणीबरोबर उतरले. प्रथमोपचाराची जागा म्हणजे किनाऱ्यावरचा उथळ खळगा. आडवं पडलं तरच आडोसा. जखमींना आणायचं तर उठावंच लागे. फूट सुमारे आठ तास पुन्हा पुन्हा उठत होते. मॉर्फिन टोचत होते, मलमपट्टी करत होते, उघड्यावरची माणसं उचलून आणत होते. ओहोटी लागली तेव्हा सगळं एका अडकलेल्या नावेच्या आडोशाला हलवलं. तोफगोळ्यांनी त्या नावेतला दारूगोळा पेटला, तेव्हा तिथूनही जखमींना बाहेर काढलं. परत न्यायला नावा आल्या. त्यांत माणसं नेऊन ठेवली, आणि स्वतः पुन्हा किनाऱ्यावर.

६.
शेवटी तेही नावेत होते. ती त्यांना सुखरूप घेऊन गेली असती. ते उतरले आणि चालत जर्मनांच्या ताब्यात गेले. मागे राहिलेले आता कैदी होणार होते. त्यांच्यासोबत कुणीतरी हवं होतं.

७.
गोळ्या अंगावर येत असताना विचाराला फुरसत नसते. नावेत मात्र असणार, निदान क्षणभर तरी. मला तोच क्षण सगळ्यात अवघड वाटतो.

८.
ऑक्टोबरमध्ये जर्मनांनी दिएपच्या कैद्यांचे हात बांधले. आधी दोऱ्यांनी, मग बेड्यांनी. हल्ल्याचं एक आदेशपत्र जर्मनांच्या हाती लागलं होतं. जर्मन कैद्यांचे हात बांधावेत, असं त्यात लिहिलेलं होतं. वर्षभराहून अधिक काळ हे चाललं.

९.
फूट यांची सुटका: ५ मे १९४५.

१०.
दिएपसाठी तीन व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. दोन १९४२मध्येच. फूट यांचा फेब्रुवारी १९४६मध्ये. ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांतले कितीतरी युद्ध संपेपर्यंत कैद्यांच्या छावण्यांत होते. हा सन्मान मिळालेले ते कॅनडाचे एकमेव लष्करी पाद्री. पदक त्यांनी पलटणीला देऊन टाकलं.

११.
१९४८मध्ये ते ऑन्टारियोच्या विधानसभेत निवडून आले. १९५० ते १९५७ मंत्री. खातं: तुरुंग आणि सुधारगृहं.