छापील अक्षराची पारख

गेल्या वर्षी एका आजोबांच्या सूनबाई एक शोधनिबंध छापून घेऊन माझ्याकडे आल्या. एका वनौषधीच्या चूर्णाने रक्तदाब पूर्ववत होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. दवाखान्यात गर्दी होती. तक्ते, आलेख आणि संदर्भांची लांबलचक यादी पाहून मी ‘चांगला दिसतो’ एवढेच म्हणालो. त्या दोन शब्दांच्या भरवशावर आजोबांनी गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी त्यांचा रक्तदाब १९०/११० भरला. सुदैवाने पुढचा अनर्थ टळला. पण तो निबंध मी नीट वाचला तो त्या रात्री. अवघे १४ रुग्ण, तुलनेसाठी दुसरा गट नाही आणि एक लेखक त्याच चूर्णाच्या कंपनीत नोकरीला!

वाचकहो, निबंध विनामूल्य मिळाला, हा त्याचा दोष नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘पबमेड सेंट्रल’ २००० सालापासून संपूर्ण शोधनिबंध मोफत देत आहे. १९१३ साली सुरू झालेले आपले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ही विनामूल्य वाचता येते. दोष असतो तो लेखकाकडून पैसे घेऊन, तज्ज्ञांच्या तपासणीविना छापणाऱ्यांचा. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी, ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध ३०४ मुक्त नियतकालिकांकडे धाडला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला.

म्हणून आधी ते नियतकालिक ‘डायरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ या सूचीत आहे का, हे पाहावे. मग रुग्ण किती, तुलना कशाशी आणि खर्च कोणी केला, हे तपासावे. लेखकांचे हितसंबंध बहुधा निबंधाच्या शेवटी नोंदलेले असतात. नुसत्या नावावरही विसंबू नये. लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला निबंध नामांकित ‘लॅन्सेट’ला २०१० मध्ये मागे घ्यावा लागला. अशा निबंधावर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का असतो; तोही शोधावा.

आपल्या हाती असा कागद आला, तर तो डॉक्टरांकडे अवश्य न्यावा. मात्र त्यांच्याशी सविस्तर बोलल्याविना चालू गोळी थांबवू नये. ते आजोबा अजूनही कात्रणे आणतात. मी मान डोलावली, की मिस्कीलपणे विचारतात, “डॉक्टर, पूर्ण वाचलंत ना?”

हा प्रश्न आपणही निःसंकोच विचारावा.