चिंचोक्यांचे मार्क

वेंगुर्ल्याला उतरले तेव्हा माझ्या पिशवीत साठ छापील फॉर्म होते. विद्यापीठ आणि काजू कारखानदार यांनी मिळून केलेल्या एका संशोधन प्रकल्पाचं मूल्यमापन करायचं होतं, तेही सहभागी पद्धतीनं. म्हणजे ज्यांच्यासाठी काम झालं त्यांनीच त्याला मार्क द्यायचे. फॉर्म मीच बनवला होता. पहिला प्रश्न: 'सहकार्याबद्दल आपण किती समाधानी आहात? 1 ते 5.'

कारखानदारांनी चहा पाजला आणि 4 दिले. बागायतदारांनीही फारशी कुरकुर केली नाही, आणि त्याला कारण होतं. इथलं फळ संशोधन केंद्र 1957 सालचं. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आलं. वेंगुर्ला-1 पासूनच्या काजूच्या जाती तिथल्याच. गावठी बी असते चार-पाच ग्रॅमची. वेंगुर्ला-4 ची साडेसातच्या वर जाते, वेंगुर्ला-7 ची दहापर्यंत. बी मोठी की गर मोठा, आणि गर मोठा की भाव बरा. बागायतदारांची तक्रार होती ती मोहोर करपवणाऱ्या ढेकण्याबद्दल, आणि ढेकण्या माझ्या फॉर्मात नव्हता.

मी अडले ती कापणीच्या शेडमध्ये.

वाफवून निवलेली बी दोन पात्यांमध्ये धरायची, पायानं पेडल दाबायचं, हातानं दांडा ओढायचा. टरफल उघडतं, आत अख्खा गर. टरफलातल्या चिकानं कातडी सोलवटते म्हणून बायका हाताला तेल चोळून बसलेल्या. फॉर्म भरणार कोण? मग मी वर्गात शिकलेली युक्ती काढली. जमिनीवर खडूनं पाच चौकोन आखले आणि प्रत्येकीच्या हातात चिंचोके दिले. समाधान असेल तेवढे चिंचोके ठेवा.

कोपऱ्यातल्या यंत्रावरच्या काकी म्हणाल्या, "सहकार्य म्हणजे कोणाचा कोणाशी, बाय?"

मी सांगितलं. त्यांनी चिंचोके मांडीवरच ठेवले. "आमका कोणी इचारूक नाय. मोठी बी बरी, पण मोठी नि बारकी एकाच पोत्यात येता. पातो एकाच मापार लावलेलो. मगे गर तुटतलो नाय तर काय?"

खरं वाटेना, म्हणून त्यांनी मला यंत्रावर बसवलं. त्याच पोत्यातल्या वीस बिया मी कापल्या. अख्खे गर निघाले तीन. काकी हसल्या, बाकीच्या त्यांच्याहून जोरात. मग त्यांनी त्याच पोत्यातल्या एकसारख्या वीस बिया निवडल्या, पात्यातलं अंतर जुळवलं आणि कापल्या. एकाच गराची फुटून पाकळी झाली. त्यांचा हात सरावाचा हे मान्य. पण सरमिसळ पोत्यातून कापताना त्यांच्याही टोपलीत तुकडा पडत होताच.

प्रकल्पाच्या कागदांत तुटीचं खापर वाफेच्या वेळेवर होतं. वाफ कमी-जास्त झाली तर गर तुटतो, ते खोटं नव्हे. पण कापण्याआधी बी चाळून मापानुसार वेगळी करावी, ही गोष्ट त्या कागदांत कुठेच नव्हती, आणि माझ्या फॉर्मातही नव्हती. कशी असणार? प्रतिसाद देणाऱ्यांच्या यादीत मी दोनच रकाने ठेवले होते: 'उद्योग' आणि 'शेतकरी'. यंत्रावर बसणारी बाई दोन्हींत बसत नव्हती.

त्या रात्री लॉजवर मी फॉर्म नव्यानं लिहिला. समाधान खोडलं. पहिला प्रश्न घातला: 'बी तुमच्याकडे येते तेव्हा मापानं निवडलेली असते का?' तिसरा रकाना आखला. सकाळी मोठ्या ऐटीत शेडमध्ये जाऊन तो वाचून दाखवला. बायकांनी माना डोलावल्या, चौकोनांत चिंचोके पडू लागले.

काकींनी मात्र कागद मागून घेतला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मजुरी अख्ख्या गरावर, तुकड्याला कमी, हे त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

"सगळा लिवलंस," त्या म्हणाल्या. "मजुरेचो रकानो खंय?"