टाकीतला दिवा आणि विहिरीतलं शेवाळ



दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या हट्टापायी घरी माशांची टाकी आणली. दोन फुटी काच, चार गोल्डफिश, वर एलईडीची पट्टी. ठेवली खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. मुलाला अंधाराची भीती वाटते, त्यामुळे टाकीतला दिवा रात्रभर चालू राहायला लागला.

पंधरा दिवसांत काच हिरवी झाली. महिन्याभरात पाणी असं गढूळ हिरवं, की मासे शोधावे लागायचे. मग एका रविवारी मी सगळं पाणी उपसलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, थंडगार ताजं पाणी भरलं. सोमवारी दोन मासे मेलेले. मुलाला म्हटलं, "आजारी होते रे ते."

आजारी कसले! नळाच्या पाण्यात क्लोरीन, वर डिसेंबरचा गारठा. शिवाय माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया निकामी करणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच राहतात. तेच मी धुऊन टाकले.

वर्गात मी सांगितलं, जास्त उजेडामुळे शेवाळ वाढतं. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या हिरीवर ऊन तर बारा महिने असतंय. ती पावसाळ्यातच का हिरवी होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा यवतवरूनच पुढे जातो. त्याचं पाणी चार बाटल्यांत भरलं. दोघींत चिमूटभर खत टाकलं, दोघींत नाही. प्रत्येकीतली एक खिडकीत, एक कपाटात. तीन आठवड्यांनी खिडकीतली खताची बाटली गर्द हिरवी, बिनखताची जरा पोपटी, कपाटातल्या दोन्ही तशाच. मग त्यालाच विचारलं, पावसाळ्यात विहिरीत काय उतरतं? "उसाचं खत!"

म्हणजे शेवाळाला उजेड हवा आणि नायट्रेट, फॉस्फेटचं खाणंही हवं. माझ्या टाकीत दोन्हींची चंगळ होती, कारण मुलगा दिवसातून पाच वेळा दाणे टाकायचा.

आता टाकी खिडकीपासून लांब आहे. दिवा आठ तास. दाणे दोनदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, तेही आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. मागच्या काचेवरचं शेवाळ मी मुद्दाम ठेवते, मासे ते टोकरत बसतात.

माशांना पापण्या नसतात. रात्रभर दिवा असला तर बिचाऱ्यांना डोळे मिटायचीही सोय नाही. आणि अंधारात एकदम दिवा लावला की घाबरून काचेवर आपटतात, म्हणून आधी खोलीतला लावायचा, मग टाकीतला. कायमचा अंधारही नको, गोल्डफिशचा रंग फिका पडतो.

टायमर आणला होता. पण लाईट गेली की तो थांबायचा आणि मग भलत्याच वेळी दिवा लागायचा. तो नाद सोडला.

बाटल्या घरी आणल्या त्या दिवशी मुलाला खरं सांगितलं, की मासे आजारी नव्हते, माझ्या चुकीनं गेले. तो बराच वेळ गप्प होता. रात्री नऊला स्वतः उठला, टाकीचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "आई, दार थोडं उघडं ठेव."