'ला' आणि 'चे'

परभाषेतले मोठे शब्द माणसाला फारसा त्रास देत नाहीत. ते पाहुण्यांसारखे असतात. पाट मांडून ताट वाढले की स्वस्थ बसतात. छळतात ती चिल्लीपिल्ली. इटालियन भाषेत अशी दोन आहेत: एक 'आ' आणि दुसरे 'दी'. दोन क्रियापदे शेजारी आली की ही मध्ये लुडबुडतात. 'सुरू करणे', 'शिकणे', 'मदत करणे' यांच्यामागून 'आ' येतो. 'सोडणे', 'संपवणे', 'ठरवणे' यांना 'दी' लागतो. 'शकणे', 'इच्छिणे' ही बडी मंडळी मात्र कोणालाच मध्ये येऊ देत नाहीत. असे का, म्हणून विचाराल तर व्याकरणाचे पुस्तक सांगते, पाठ करा!

साठीनंतरचे पाठांतर म्हणजे चाळणीतले पाणी. पण माझा नातू बोलोन्यात वाढतो आहे. त्याचे मराठी 'आजी' या शब्दापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तेव्हा निम्मी वाट मलाच चालायला हवी.

एका दुपारी यादी पुढे घेऊन मी शेजारी मराठी मांडत बसले. 'कोमिंचारे आ पार्लारे': बोलायला लागणे. 'इंपारारे आ लेज्जेरे': वाचायला शिकणे. 'स्मेत्तेरे दी फुमारे': विडी ओढायचे सोडणे. 'फिनीरे दी स्क्रीव्हेरे': लिहायचे संपवणे. पाहा बरे! 'आ' म्हणजे आपला 'ला' आणि 'दी' म्हणजे आपला 'चा-ची-चे'. 'आ रोमा' म्हणजे रोमला, 'दी रोमा' म्हणजे रोमचा. तेच नाते क्रियापदांतही उतरले आहे.

हिशेब सगळीकडे जुळत नाही, हे खरे. 'करून पाहणे' या अर्थाच्या 'प्रोवारे'ला त्यांचा 'आ' लागतो, आणि आपण तिथे 'ला' घालत नाही. पण जिथे जुळतो, तिथे जिवाला जाऊन भिडतो. 'देचीदेरे दी पार्तीरे' म्हणजे जायचे ठरवणे. 'देचीदेर्सी आ पार्तीरे' म्हणजे मनाची चलबिचल मोडून जायला तयार होणे. माझ्या लेकीने परदेशी जायचे ठरवले, त्यात 'चे' होते. तिला निरोप द्यायला मी तयार झाले, त्यात 'ला'. त्या दोन अक्षरांच्या मध्ये आमच्या घरातले एक सबंध वर्ष गेले.

हल्ली फोन ठेवताना मी नातवाला त्याच्याच भाषेत बजावते, 'नोन दिमेन्तिकारे दी तेलेफोनारे', फोन करायचे विसरू नकोस. 'विसरणे'ला 'दी' लागतो, हे मात्र मला पाठ करावे लागले नाही.