भिंतीवरचा नंबर

बेंगळुरूला येऊन मला अकरा वर्षं झाली. कन्नड बोलता येतं, वाचताना मात्र अजून अडखळतो. जे काही वाचता येतं, त्यातला बराचसा सराव पुरुषांच्या मुतारीत झाला, हे सांगायला थोडी लाज वाटते. तिथे उभं राहिलं की समोर भिंत, आणि भिंतीवर काहीतरी खरडलेलंच. बदामात दोन नावं, मूळव्याधीच्या इलाजाची जाहिरात, कुठल्यातरी पक्षाला शिवी, आणि मध्येच एखाद्या बाईचं नाव नि मोबाइल नंबर. नंबर वाचायला कुठलीच लिपी यावी लागत नाही.

या लिखाणाचा अभ्यासही झालाय. ॲलन डंडस या अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासकाने १९६६ साली त्याला ‘लॅट्रिनेलिया’ असं नाव दिलं. कॉलेजात असताना हे कळलं असतं तर मी ऐटीत सगळ्यांना सांगत फिरलो असतो, कारण हॉस्टेलच्या संडासाची भिंत हेच आमचं वर्तमानपत्र होतं. दुसऱ्या वर्षी तिथे वर्गातल्या एका मुलीचं नाव आलं, पुढे दोन ओळी. मी लिहिलं नव्हतं. मी वाचून हसलो आणि आणखी दोघांना दाखवायला घेऊन गेलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कॉलेजात आली नाही. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिचं आडनाव आता आठवत नाही. नाव आठवतं ते त्या भिंतीवरच्या तिरक्या अक्षरांत.

२०२४च्या जूनमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी वाचली, तेव्हा हे सगळं वर आलं. इथल्या मॅजेस्टिक बसस्थानकातल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात कुणीतरी एका विवाहितेचा नंबर लिहून ती ‘कॉल गर्ल’ असल्याचं लिहिलं होतं. अनोळखी माणसांचे वेळीअवेळी फोन येऊ लागले. ती पोलिसांत गेली. आरोपी खटला रद्द करा म्हणून न्यायालयात गेला, ते न्यायमूर्ती एम. नागप्रसन्ना यांनी नाकारलं. अंगाला हात न लावताही स्त्रीला खोल इजा करता येते, असा निकालाचा रोख होता.

मी विचार करत राहिलो तो फोन करणाऱ्यांचा. लिहिणारा एक. बाकीचे माझ्यासारखे, नुसते वाचणारे.

भिंती विद्रूप करण्याविरुद्ध कर्नाटकात १९८१पासून कायदा आहे. ‘येथे लिहू नये’ अशा पाट्याही असतात, आणि त्या पाटीवरच कुणीतरी लिहिलेलं असतं. त्यापेक्षा मला ‘द अग्ली इंडियन’वाल्यांची रीत पटते. २०१०च्या सुमारास चर्च स्ट्रीटच्या आसपास या निनावी मंडळींनी घाणेरडे कोपरे साफ करून रंगवायला सुरुवात केली. ‘काम चालू, मुँह बंद’ हे त्यांचं ब्रीद. कुणीतरी निगा राखतंय असं दिसलं की त्या जागेवर घाण करायला हात जरा कचरतो. लिहिलेलं त्याच दिवशी पुसलं गेलं, तर लिहिण्यातली मजाच जाते.

पुसायचं कसं, हे आमच्या ऑफिसातल्या सफाईवाल्या अण्णांनी शिकवलं. टाइलवरचं मार्कर साबणाने जात नाही, स्पिरिटने जातं. कोविडपासून बॅगेत पडून असलेली सॅनिटायझरची बाटलीही चालते. किल्लीने ओरखडलेलं मात्र जात नाही, तिथे रंगच मारावा लागतो.

गेल्या महिन्यात गावी निघालो होतो. बस वाटेत एका हॉटेलपाशी थांबली. मुतारीत हिरव्या मार्करने नंबर होता. रुमालावर सॅनिटायझर ओतून घासत होतो, तेवढ्यात दारात पैसे घेणारा माणूस मागे येऊन उभा राहिला. “एन् बरीतिद्दीरा?” काय लिहिताय? आवाज चांगलाच चढलेला. मागचे दोघे माझ्याकडे वळून बघायला लागले. “अळिस्तिद्दीनी,” म्हटलं. पुसतोय.

तो जवळ आला, भिंत बघितली, माझा हिरवा झालेला रुमाल बघितला. मग बाहेर जाऊन भांडी घासायची काथ्याची घासणी घेऊन आला. बसचा हॉर्न वाजत होता. बाटली त्याच्याकडे दिली आणि पळालो. तोवर शेवटचे चार आकडे गेले होते.