वाहने: दोन



गेल्या पर्युषणापासून आमच्या घरात एकच विषय होता. मामंजींची लाल गाडी ठेवायची की विकायची?

गाडी म्हणजे १९६५ सालची एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, वरून उघडी, दोनच माणसांची. १७९८ सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर आणि सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. देश सोडून निघालेल्या एका साहेबांकडून मामंजींनी ती १९७४ साली १४ हजारांना घेतली. चौदा माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी!

सासूबाई त्यात बसायला तयार नव्हत्या, कारण सीटा कातड्याच्या होत्या. मामंजींनी वाद घातला नाही. आठ दिवसांत कोल्हापुरात रेक्झिन चढवून आणलं. मग दर रविवारी दोघं कुंभोजच्या बाहुबलीला जायची. सासूबाई सांगतात, "लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण ह्यांच्याशी मनातलं बोलायला जागा मिळाली ती त्या गाडीत."

मामंजी गेल्यावर आमचे हे रविवारी तिला गावाबाहेर एक फेरी मारून आणायचे. मग एका ओळखीच्यांनी किंमत सांगितली, २२ लाख. त्या रविवारी गाडी बाहेर निघाली नाही. पुढच्याही नाही. कुणी घासलं तर? पाऊस आला तर? मुलगा विसाचा झाला, पण त्याला एकदाही चावी मिळाली नाही. सुटे भाग इंग्लंडहून मागवायचे, विमा भरायचा, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात म्हणून तेही बदलायचे. खर्च सगळा चालू आणि गाडी मात्र चादरीखाली.

मी विचारलं, "ठेवायची कशासाठी?" पूर्वी हे म्हणायचे, "दादांची आहे." आता म्हणाले, "अजून वाढेल." उत्तर कधी बदललं ते त्यांनाही कळलं नव्हतं. शिवाय घरच्या वापरातली गाडी विकली तर नफ्यावर कर लागत नाही, हे सीएंनी सांगितल्यापासून हिशेब आणखी गोड झाला होता.

आता माझी अडचण सांगते. पाच अणुव्रतांतलं पाचवं परिग्रहपरिमाण. त्यात गृहस्थाने आपली मर्यादा आपणच आखायची असते. सासूबाईंच्या वहीत नग लिहिलेले आहेत: साड्या इतक्या, भांडी इतकी, वाहने दोन. आम्ही दोघांनी मात्र शहाणपणा करून रुपयांत लिहिलं होतं. दागिने आणि हौसेच्या वस्तू मिळून २५ लाख. आता एकटी गाडीच २२ लाखांची! नवीन काही न घेता, जागच्या जागी बसून, आमची मर्यादा ओलांडली गेली होती.

हे म्हणाले, "आकडा वाढवून टाकू."

म्हणायला सोपं आहे. पण भाव वाढला की मर्यादा वाढवायची, तर मग मर्यादा आपण घातली की बाजाराने? मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या वहीत ती तेव्हाही एक होती, आजही एकच आहे. जड झाली ती तुमच्या डोक्यात." तत्त्वार्थसूत्रही परिग्रह वस्तूत नाही, आसक्तीत सांगतं. प्रवचनात हे शंभरदा ऐकलं होतं, गॅरेजमध्ये पहिल्यांदा कळलं.

तरीही निर्णय होईना. मग एक गृहस्थ गाडी बघायला आले. सगळं पाहून म्हणाले, "फक्त सीटा मूळच्या करून घ्या. खरं लेदर लावा, तीन लाख जास्त देतो."

ह्यांनी मोबाइल काढला. कॅल्क्युलेटर उघडलेला मी पाहिला. एवढ्यात ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "मग ती ह्यांची गाडी राहणार नाही." आवाज चढवला नव्हता. ह्यांनी मोबाइल खिशात घातला आणि पाहुण्यांना चहा विचारला.

त्या रात्री हे स्वतःहून म्हणाले, "विकू. पण आहे तशी." पुण्याच्या एका माणसाने घेतली, रेक्झिनसकट, २२ लाखांनाच. दर रविवारी चालवणार म्हणाला. ह्यांना अजून वाटतं, आपण घाई केली. दोन वर्षं थांबलो असतो तर जास्त आले असते. आलेही असते. मी वाद घालत नाही. मुलगा मात्र आठवडाभर आमच्याशी धड बोलला नाही, आणि त्याची चूक नव्हती. त्याला आम्ही चावी द्यायला हवी होती, ती राहून गेली.

गाडी जायच्या आदल्या रविवारी हे सासूबाईंना घेऊन बाहुबलीला गेले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी डोक्यावर पदर घट्ट धरून त्या पुढच्या सीटवर बसल्या. तिसरी जागा नव्हतीच, मी घरी पोळ्या करत राहिले. नेहमीपेक्षा तासभर उशिराने परत आले दोघं. काय बोलले, ते मी विचारलं नाही.