नावड्याहून मेक्सिकोच्या पठारावर

नावडे रोड हे दिवा-पनवेल मार्गावरचं लहानसं स्टेशन. एका अंगाला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या नोडमधल्या उंच इमारती आणि मधे आमचं जुनं आगरी वस्तीचं गाव. जुलैत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं पावसाळी सत्र सुरू होतं, तेव्हा मी इथून निघते. तिथे मी स्पॅनिश भाषा आणि साहित्याचं एम.ए. करते आहे.

गावात हे कळल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, नोकरी कुठे लागणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही सोपं आहे. स्पॅनिश ही 20 देशांची राजभाषा आहे. टीसीएससारख्या आपल्या कंपनीचं मोठं केंद्र मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात आहे. भाषांतर, पर्यटन, निर्यात, वकिलाती अशी कामं सापडतात. पण पाच वर्षं एखाद्या भाषेत घालवावीत, इतकं ते उत्तर पुरेसं नाही. त्यापुढचं उत्तर मला या खेपेच्या प्रवासात, गाडीच्या खिडकीशी बसून, नीट मांडता आलं.

पनवेलपर्यंत रिक्षा केली. कळंबोलीच्या लोखंड बाजारापाशी ट्रेलरांची नेहमीची रांग होती, वरून पाऊस कोसळत होता. बाबा बॅग मांडीवर धरून बसले होते. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. एर्नाकुलमहून निजामुद्दीनला जाणारी मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेचा सगळा पाऊस अंगावर घेऊन पनवेलला आली. डब्यात केरळी कुटुंबं आदल्या दिवसापासून बसलेली होती. त्यांच्यातल्या एका चेचीने, म्हणजे ताईने, सामान सरकवून मला खिडकी दिली.

कल्याण गेलं, शहापूर-आसनगावची हिरवी शेतं गेली. कसाऱ्याला गाडी थांबली आणि मागे जादा इंजिनं जोडली गेली. थळ घाट चढायचा तर मागून रेटा लागतोच. एकामागून एक बोगदे, मधेच दरीत उतरलेले ढग, कातळावरून थेट रुळांशेजारी कोसळणारं पाणी. दारात उभी असलेली पोरं प्रत्येक बोगद्यात ओरडत होती. मी पिशवीतून झेरॉक्सची चतकोर गड्डी काढली. हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाची एक कथा. कागदांच्या कडेला पेन्सिलीने मराठीत लिहिलेल्या माझ्या नोंदी, काही ठिकाणी आजीचे शब्द.

रुल्फो 1917 साली मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात जन्मला. ग्वादालाहारा हे याच राज्याचं राजधानीचं शहर. क्रांतीनंतरच्या हिंसाचारात लहानपणीच त्याचे वडील मारले गेले. त्याने आयुष्यात फार थोडं लिहिलं. 1953 चा ‘एल यानो एन यामास’ हा कथासंग्रह आणि 1955 ची ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी, मुख्यतः एवढ्यावरच त्याचं नाव उभं आहे. पुढच्या अख्ख्या लॅटिन अमेरिकन लेखकांच्या पिढीने त्याला गुरुस्थानी मानलं. गार्सिया मार्केस तर त्याचं ऋण उघडपणे सांगत असे.

माझ्या हातातली कथा त्या संग्रहातली, ‘नोस आन दादो ला तिएरा’. सरकारने शेतकऱ्यांना जमीन दिली आहे आणि ती बघायला काही माणसं भर उन्हात चालली आहेत. निघताना बरेच होते, आता चौघं उरलेत. पठार इतकं कोरडं की गवताचं पातं नाही. आकाशातून पावसाचा एक थेंब पडतो, जमिनीत जिरतो आणि मागोमाग दुसरा येत नाही. या माणसांना हवी होती नदीकाठची काळी जमीन. मिळालं हे दगडासारखं माळरान. ते सरकारी अधिकाऱ्याला सांगू बघतात की इथे नांगर रुतणार नाही, पाणी नाही, काही उगवणार नाही. अधिकारी म्हणतो, लेखी द्या. चौघांतल्या एकाने कोटाखाली कोंबडी धरली आहे, घरी एकटी राहिली तर मरेल म्हणून. सगळ्या कथेत जिवंत उबेची तेवढी एकच वस्तू आहे.

वर्गात ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा शेजारची मुलं रचनेबद्दल, मौनाबद्दल बोलत होती. मला मात्र आमच्या कपाटातली प्लास्टिकची पिशवी दिसत होती. त्यात जुने सातबारा उतारे आहेत, संपादनाच्या नोटिसा आहेत, अर्जांच्या पोचपावत्या आहेत. सिडकोची स्थापना मार्च 1970 मधली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं आणि 344 चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी ठरला. भातशेतं, खाजणं, मिठागरं त्यात गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. विकसित भूखंडात साडेबारा टक्के वाटा मिळण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. मेक्सिकोच्या शेतकऱ्याला नको ती जमीन मिळाली, आमच्याकडे हवी ती जमीन गेली. दोन्हीकडे शेतकरी आणि जमीन यांच्यामधे एक टेबल आहे, टेबलामागे बसलेला माणूस आहे आणि ‘लेखी द्या’ हे वाक्य आहे.

सुट्टीत ही कथा मी आजीला आमच्या आगरी बोलीत सांगितली होती. ती जवळा निवडत ऐकत होती. एका थेंबाच्या प्रसंगाला तिचा हात थांबला. गोष्ट संपली तेव्हा तिने विचारलं, “मंग त्यांनी त्या जमिनीचा काय केला गो?”

रुल्फो हे सांगत नाही. माणसं पठार उतरून दरीतल्या गावापाशी पोचतात, कोंबडीवाला आपल्या वाटेने जातो, मिळालेली जमीन वर मागे राहते, तिथे कथा थांबते. पण आजीच्या प्रश्नाला उत्तर हवं होतं आणि ते शोधताना मला उमगलं की विद्यापीठात परकी भाषा शिकायची म्हणजे नेमकं काय करायचं. त्यासाठी 1910 ची मेक्सिकन क्रांती वाचावी लागते. 1917 च्या राज्यघटनेतलं 27 वं कलम वाचावं लागतं, ज्याने जमिनीची मूळ मालकी राष्ट्राची ठरवली आणि मोठ्या हासिएंदा, म्हणजे जमीनदारांच्या इस्टेटी, मोडण्याची वाट उघडली. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या 1934 ते 1940 या काळात सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन शेतकऱ्यांना वाटली गेली, हे कळावं लागतं. गावाने मिळून धरायच्या त्या जमिनीला ‘एहिदो’ म्हणतात. कुठे ती पिकली, कुठे पाण्यावाचून पडून राहिली आणि माणसं शहरांकडे, उत्तरेला अमेरिकेकडे गेली. एका कथेमागे एवढा देश उभा असतो. क्रियापदं पाठ झाली की भाषेच्या दारापाशी पोचता येतं, आत शिरायला हा सगळा अभ्यास लागतो.

इगतपुरीला पाऊस होता, वडे गरम होते. नाशिकरोड सोडल्यावर गोदावरी लागली, गढूळ, दोन्ही काठ भरून. पण तिथून पुढे पंचवीस-तीस मैलांत आकाश मोकळं झालं. निफाडचे द्राक्षमळे मागे पडले आणि जमीन फिकट होत गेली. मनमाड आलं तेव्हा फलाट कोरडा ठणठणीत होता. सकाळी नावड्यात गुडघाभर पाणी आणि संध्याकाळी इथे धूळ. सह्याद्रीच्या पलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश असा एका दिवसात अंगावर येतो.

मनमाडला मी मुद्दाम खाली उतरले, थोडी चालले. कारण स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसासाठी हे स्टेशन मोठं आहे. बार्सिलोनात 1920 साली जन्मलेले व्हिसेंते फेरेर 1952 मध्ये जेझुइट म्हणून मुंबईत उतरले आणि पुढे मनमाड परिसरात आले. दुष्काळी गावांत त्यांनी शेतकऱ्यांना विहिरी खणायला बळ दिलं. त्यांच्याभोवती माणसं गोळा होऊ लागली, तसा काही वजनदार मंडळींना त्यांचा संशय वाटू लागला. 1968 मध्ये त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. त्यांच्या बाजूने हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईच्या दिशेने चालत निघाले. इंदिरा गांधींनी तोडगा काढला: त्यांनी काही काळ परदेशी जावं, मग परत यावं. 1969 मध्ये ते परतले, पण महाराष्ट्रात नाही, आंध्रातल्या अनंतपूरला. तिथे पुन्हा दुष्काळ, पुन्हा पाणी. 2009 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. आज स्पेनमधली कितीतरी कुटुंबं त्यांच्या संस्थेला दर महिन्याला पैसे पाठवतात. मनमाड हे नाव त्यांच्या चरित्रांतून स्पॅनिश वाचकापर्यंत पोचलं आहे.

फलाटावर उभं राहून मी त्या चालत निघालेल्या शेतकऱ्यांचा विचार करत होते. रुल्फोचे चौघं सरकारने दिलेली जमीन बघायला चालले होते, हे आपल्याला विहीर देणाऱ्या माणसासाठी चालले होते. दोन्ही वाटा कोरड्याच. आणि दोन्हींची गोष्ट स्पॅनिशमध्ये लिहिली गेली आहे.

भुसावळनंतर तापी अंधारात गेली, नर्मदा झोपेत. सकाळी झाशीचा चहा, मग धौलपूरजवळची चंबळ आणि तिच्या काठचे मातीचे चिरलेले कडे. चेचीने तिच्याकडचे केळ्याचे वेफर्स पुढे केले, मी शेवटची भाकरी मोडून दिली. जवळ्याची चटणी तिने दोनदा मागून घेतली. दुपारी निजामुद्दीन.

हुमायूनची कबर या स्टेशनापासून जवळच आहे. ओक्ताव्हियो पाझ या मेक्सिकन कवीने तिच्यावर कविता लिहिली आहे, लोदी बागेवरही लिहिली आहे. तो 1962 ते 1968 मेक्सिकोचा भारतातला राजदूत होता. ऑक्टोबर 1968 मध्ये मेक्सिको शहरात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या, तेव्हा निषेध म्हणून त्याने राजदूतपद सोडलं. 1990 मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण त्याची आणि भारताची पहिली गाठ दिल्लीत पडली नव्हती. 1951 मध्ये तो बोटीने मुंबईच्या बंदरात उतरला, शहरभर हिंडला, घारापुरीची लेणी पाहून आला. त्या बेटावरच्या एका रविवारची त्याची कविता आहे, शिवपार्वतीला उद्देशून. घारापुरी उरण तालुक्यातली, म्हणजे आमच्या रायगड जिल्ह्यातली. ती कविता वर्गात आली तेव्हा सरांनी बेटाचं वर्णन मला करायला सांगितलं. धक्क्यापासूनच्या पायऱ्या, खांबांमधला गारवा, अंधारातून हळूहळू दिसू लागणारी महेशमूर्ती, हे सगळं मी तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. पंजाबची, बंगालची, मणिपूरची मुलं कवितेकडे परत वळली तेव्हा तिच्यातला काळोख त्यांना ओळखीचा झाला होता.

आपला मुलूख समजून घेणारा आणखी एक माणूस मुंबईत होता, फादर हेन्री हेरास. फेरेरांसारखे तेही बार्सिलोनाचे. 1922 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात आले, 1926 मध्ये त्यांनी तिथे भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था उभी केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

विद्यापीठात पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. अरवलीचे तांबूस खडक, काटेरी झुडपं, रस्ता ओलांडणारी नीलगाय. इथल्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत: गोदावरी, तापी, नर्मदा, चंद्रभागा, कोयना. आदल्या दिवशी ओलांडलेल्या नद्या इथे पाट्यांवर वाचत जायला मला फार आवडतं. माझी खोली कोयनेत.

आमच्या केंद्रात स्पॅनिशबरोबर पोर्तुगीज, इटालियन आणि लॅटिन अमेरिकेचा अभ्यास एका छपराखाली चालतो. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन येणाऱ्या मुलांना इथे मुळाक्षरांपासून शिकवतात. आधी स्पॅनिश यायला हवं, अशी अट नसते. पहिली वर्षं व्याकरण आणि उच्चारांत जातात. मग मध्ययुगीन वीरकाव्य येतं, 1605 आणि 1615 मध्ये दोन भागांत निघालेला सर्व्हान्तेसचा ‘दोन किहोते’ येतो, लोर्काची नाटकं येतात आणि मग अटलांटिक ओलांडून बोर्हेस, नेरुदा, रुल्फो. दिल्ली विद्यापीठाच्या विभा मौर्य यांनी ‘दोन किहोते’ थेट स्पॅनिशमधून हिंदीत आणला. इंग्रजीचा पूल न वापरता इथून तिथे जाता येतं, हे त्यांच्या कामाने आमच्यासारख्यांना दाखवलं.

या सत्रातल्या माझ्या सेमिनारचा विषय मी गाडीतच पक्का केला: रुल्फोच्या कथांतली जमीन आणि नवी मुंबईच्या गावांतल्या बायकांनी सांगितलेली जमीन. आजीचं बोलणं मी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणलं आहे. कुठल्या शेतात कोणता भात व्हायचा, खाजणात खारं पाणी शिरू नये म्हणून बांध कसा घालायचे, मोजणीला माणसं आली त्या दिवशी घरात कोण होतं. हे मला स्पॅनिशमध्ये लिहायचं आहे.

कारण आजवर स्पॅनिश वाचकाला आपला मुलूख भेटला तो फेरेर, हेरास, पाझ यांच्या डोळ्यांतून. त्यांनी तो प्रेमाने पाहिला, कष्टाने समजून घेतला आणि त्याबद्दल त्यांचं ऋण आहे. पण बांध घालणाऱ्या बाईची गोष्ट तिच्या घरातल्या कुणी स्पॅनिशमध्ये सांगितली, तर हालिस्कोतला वाचक ती ऐकेल. त्याच्या आजोबांनीही कधी तरी लेखी दिलं असेल. पनवेल-उरणच्या, मनमाड-येवल्याच्या ज्या मुलामुलींना भाषांची ओढ आहे, त्यांनी म्हणून या अभ्यासाकडे यावं असं मला मनापासून वाटतं. नोकरी मिळेल, ती घ्यावीच. पण सांगण्यासारखं जे आपल्या घरात, कपाटातल्या पिशव्यांत पडून आहे, तेही सोबत न्यावं. माझ्या पेपरच्या पहिल्या पानावर आजीचा प्रश्न आहे, आगरीत आणि स्पॅनिशमध्ये. उत्तर शोधायला अख्खं सत्र आहे.